फोटोंचा जुना संग्रह जपायचा, तर पहिला रुपया कशावर?

जुन्या फोटोंसाठी संस्थेला थोडाफार निधी मिळाला की बैठकीतला पहिला ठराव ठरलेला असतो: स्कॅनर घ्यायचा. दुसरा लोखंडी कपाटाचा. आपल्याकडे नेमकं काय आहे, त्यातलं काय आत्ता खराब होतंय आणि कशामुळे, हे शोधायला कुणी पैसे मंजूर केल्याचं मी क्वचितच ऐकलं आहे. मग पाच वर्षांनी हार्ड डिस्क भरलेली असते आणि तळाच्या खोक्यातल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांची वीट झालेली असते.

तालुक्याचं वाचनालय, शंभरी ओलांडलेली शाळा, बंद पडलेल्या स्टुडिओचे वारस, घरातली ट्रंक सांभाळणारी एखादी आत्या, अशांसाठी हे लिहितो आहे. मोठ्या संग्रहालयाकडे थंड दालनं आणि शिकलेली माणसं असतात. आपल्याकडे एक खोली, एक पंखा आणि रविवारची सुट्टी. त्यामुळे कशाचा शोध आधी घ्यायचा, हे ठरवावंच लागतं. माझा निकष असा: ज्या प्रश्नाचं उत्तर कळल्यावर आपण काही वेगळं करणार आहोत, तो प्रश्न आधी. ‘हा फोटो १८८७चा की १८८९चा?’ याचं उत्तर काहीही आलं तरी फोटो त्याच पाकिटात राहणार. ‘ही फिल्म नायट्रेटची, म्हणजे भडकन पेटणाऱ्या जुन्या प्रकारची आहे का?’ याचं उत्तर ‘हो’ आलं, तर ती त्या खोलीत राहता कामा नये.

पायरी १ : मोजदाद खोक्यांची, फोटोंची नव्हे

एकेका फोटोला क्रमांक द्यायला बसलात तर तिसऱ्या आठवड्यात उत्साह संपतो आणि निम्मा संग्रह न पाहिलेलाच राहतो. आधी फक्त खोकी, ट्रंका, अल्बम आणि भिंतीवरच्या फ्रेमा मोजा. प्रत्येकासाठी वहीत एक ओळ: कुठे ठेवलंय, आत काय आहे (काचेच्या प्लेट म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, फिल्म, कागदी प्रिंट, रंगीत की कृष्णधवल), अंदाजे किती, वास येतो का, बुरशी किंवा कसर दिसते का, आणि कुठे काही लिहिलेलं आहे का. खोक्यातली वरची, मधली आणि तळाची चार-चार पाकिटं उघडून पाहिली तरी अंदाज येतो. तळाची विसरू नका, ओल तिथूनच चढते.

हे करताना मांडणी मोडू नका. स्टुडिओच्या संग्रहात हे फारच महत्त्वाचं. निगेटिव्हच्या कडेला खरवडलेला किंवा पाकिटावर लिहिलेला नंबर आणि ऑर्डरची वही यांची जोडी असते. वहीत नाव, तारीख, किती प्रती, किती पैसे. ती वही रद्दीत गेली तर हजारो निगेटिव्ह म्हणजे हजारो अनोळखी चेहरे. म्हणून स्टुडिओचा संग्रह हाती आला की सर्वांत आधी रजिस्टरं शोधा. त्यांची पानं मोबाइलवर का होईना, पण त्याच दिवशी टिपून ठेवा. घाईने करावं असं डिजिटायझेशन माझ्या मते एवढंच.

जोडीला माणसं. फोटोतल्या चेहऱ्यांची नावं सांगणारी पिढी प्रतिमा घडवणाऱ्या चांदीपेक्षा लवकर संपते. गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना बोलवा, मूळ फोटो नव्हे तर त्यांच्या मोठ्या झेरॉक्स समोर ठेवा आणि बोलणं रेकॉर्ड करा. फोटो कुठला, यापेक्षा ‘यात कोण नाही?’ असं विचारलं तर लोक जास्त बोलतात.

पायरी २ : हातात काय आहे ते ओळखा

लागतं ते फार थोडं: दहापट भिंग, टॉर्च, मऊ पेन्सिल, स्वच्छ हात. सुती मोज्यांचा आग्रह मी धरत नाही. बोटांना अंदाज राहत नाही आणि काचेची प्लेट निसटते. काचेसाठी आणि फिल्मसाठी नायट्राइलचे घट्ट मोजे बरे.

कागदी प्रिंटवर भिंग धरा. कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील आणि पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असेल, तर बहुधा अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या थरावरची. ही पद्धत १८५०मध्ये आली आणि शतकाच्या अखेरपर्यंत तिचंच राज्य होतं. पांढरा भाग पिवळट पडलेला आणि थरावर केसासारख्या बारीक भेगा, ही तिची खूण. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्येच स्थापन झाली होती, तेव्हा जुन्या घराण्याच्या ट्रंकेत असं काही निघालं तर आश्चर्य नको. तंतू दिसत नसतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि फोटो तिरका धरल्यावर काळ्या भागाच्या कडांना निळसर रुपेरी झाक मारत असेल, तर ती जिलेटिनवरची, म्हणजे प्रतिमा धरून ठेवणाऱ्या पारदर्शक थरावरची चांदी. आपण ज्याला ‘ब्रोमाइड’ म्हणत आलो तो हाच फोटो. ही झाक चांदी हलू लागल्याची खूण आहे. पुसू नका, पुसून जाते ती प्रतिमाच.

मागचा कागद प्लास्टिकसारखा लागत असेल, त्यावर पेन्सिल उमटत नसेल, तर तो १९७०च्या आसपास रूढ झालेला प्लास्टिक-लेपाचा कागद. रंगीत फोटो बहुतेक यावरच. सत्तरीतल्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळं वऱ्हाड लालसर दिसतं, कारण त्या काळच्या बऱ्याच कागदांतला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी फिका पडतो, आणि तो अंधारातही पडतो. फोटो कपाटात बंद होता, उजेड लागला नाही, म्हणून तो सुरक्षित होता असं रंगीत फोटोबाबत धरून चालू नये.

हाताने रंगवलेले फोटो हा आपल्याकडचा खास प्रकार. आजीच्या शालूची जर सोनेरी रंगाने काढलेली, गाल गुलाबी. हे रंग अनेकदा पाण्याने निघतात. अशा फोटोवर ओलं बोटसुद्धा नको.

पायरी ३ : फिल्मची परीक्षा

या पायरीवर घाई करू नका आणि आळसही नको. फिल्म तीन प्रकारची: नायट्रेट, ॲसिटेट आणि पॉलिएस्टर.

नायट्रेट १८८९पासून बाजारात आली आणि कोडॅकने तिचं उत्पादन १९५१पर्यंत पूर्ण थांबवलं. ती पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहते. पुण्यात जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडचा जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. अगदी सडलेल्या रिळांचा गठ्ठा ४१ अंशांच्या आसपास बराच काळ राहिला तर आपोआप पेटू शकतो. विदर्भातला मे महिना आठवा.

ओळखायचं कसं? आधी फिल्मची कड वाचा. ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ हे शब्द इंग्रजीत छापलेले असतात. कोडॅकच्या सुट्या शीट फिल्मला कोपऱ्यात खाचा असतात: कडेकडून पहिली खाच व्ही आकाराची असेल तर नायट्रेट, यू आकाराची असेल तर ॲसिटेट. काहीच छापलेलं नसेल आणि फिल्म पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची वाटत असेल, तर नायट्रेट समजूनच वागा. तुकडा कापून जाळून पाहण्याचा सल्ला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. पिवळट-तपकिरी पडलेली, चिकट, झोंबऱ्या वासाची फिल्म सापडली तर ती घट्ट बंद डब्यात कोंबू नका. इतर संग्रहापासून दूर, सावलीत, माणसं झोपतात किंवा बसतात त्या खोलीबाहेर ठेवा आणि अग्निशमन दलाचा सल्ला घ्या. कचऱ्यात टाकणं हा पर्याय नाही.

ॲसिटेट ‘सेफ्टी’ म्हणून आली. नायट्रेटसारखी भडकत नाही हे खरं, पण दमट उष्ण हवेत तिचं विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगर. हे आम्लच पुढच्या विघटनाला हातभार लावतं, त्यामुळे एकदा सुरू झालेली प्रक्रिया वेग घेत जाते, आणि वाफा शेजारच्या चांगल्या फिल्मलाही धरतात. अमेरिकेत रोचेस्टरला १९८५मध्ये सुरू झालेल्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने यावर मूलभूत काम केलं. त्यांच्या हिशेबाने २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या फिल्मला विघटन वेग घेण्याच्या टप्प्यावर यायला साधारण ४० वर्षं लागतात. तापमान पाच-साडेपाच अंशांनी चढलं की हा काळ ढोबळमानाने निम्मा होतो. आपल्याकडची साठच्या दशकातली फिल्म वर्षातले कित्येक महिने तीस अंशांपलीकडे राहिलेली असते. तिचं काय झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

तपासणीसाठी त्याच संस्थेने काढलेल्या, आम्ल ओळखणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळतात. निळी पट्टी डब्यात फिल्मसोबत दिवसभर ठेवायची. निळीच राहिली तर ठीक, हिरवट झाली तर विघटन सुरू आहे, पिवळी झाली तर उशीर होतोय. पट्ट्या परवडत नसतील तर डबा उघडल्याउघडल्या येणारा वास, फिल्मचं वाकणं, थरावर उठलेल्या नागमोडी सुरकुत्या, पांढरी भुकटी आणि शीट फिल्मवर अचानक उमटलेले निळे-गुलाबी डाग बघा. हे डाग आम्लामुळे परत दिसू लागलेल्या मूळच्या रंगाचे असतात. वास मारणारी खोकी वेगळी काढा, हवेशीर ठेवा आणि स्कॅनिंगच्या यादीत वर न्या.

पॉलिएस्टरची चिंता नाही. कडेला उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं ‘इंदू’ हे नाव दिसलं, तर ती फिल्म साठच्या दशकाच्या उत्तरार्धानंतरची, म्हणजे नायट्रेट नक्कीच नाही.

पायरी ४ : खोलीची हवा वर्षभर मोजा

हे सर्वांत स्वस्त संशोधन आहे आणि तेच सर्वांत कमी केलं जातं. परदेशी पुस्तकातला ‘१८ अंश, ४० टक्के’ हा आकडा भिंतीवर लावून उपयोग नाही. आपली खोली जुलैत कुठे जाते आणि मेमध्ये कुठे, हे माहीत हवं.

डिजिटल तापमान-आर्द्रता मापक काही शे रुपयांत मिळतो, पण तो खरं बोलतो का ते आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, पाण्याचे थोडे थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करा. विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी ठेवा आणि डबा रात्रभर एकसारख्या तापमानाला राहू द्या. आत आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ६९ दाखवत असेल तर त्यावर ‘+६’ अशी चिठ्ठी चिकटवा. असे तीन मापक घ्या: एक खोलीत, एक कपाटाच्या तळाच्या फळीवर, एक बाहेरच्या भिंतीला लागून. सकाळ-दुपार-रात्र नोंद ठेवता आली तर उत्तम, नाहीतर दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी.

वर्षाच्या नोंदीतून उपाय आपोआप वेगळे निघतात. रत्नागिरी-मुंबईत आर्द्रता महिनोन्‌महिने ८० टक्क्यांवर असते. ६५-७० ओलांडलं की बुरशीला रान मोकळं, आणि जिलेटिन मऊ पडून काचेला, पाकिटाला, शेजारच्या फोटोला चिकटतं. ‘हवा खेळती ठेवा’ म्हणून पावसात खिडक्या उघडल्या तर ओलच आत येते. तिथे खिडक्या बंद, आत पंखा चालू आणि जमेल तर आर्द्रता शोषणारं यंत्र. नागपूर-जळगावकडे उलट: उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की अल्ब्युमेन प्रिंट गुंडाळ्या होतात आणि प्लेटवरचा थर कडेने सुटतो, आणि उष्णतेने फिल्म व रंगीत फोटो झपाट्याने म्हातारे होतात. तिथे खोलीची दिशा, छतावरचा चुना, मधला मजला यांनी जे साधतं ते साधावं. कूलर मात्र फोटोंच्या खोलीत नको.

एसीबद्दल एकच गोष्ट: दहा ते पाच चालणारा एसी हा नसलेल्या एसीपेक्षा वाईट ठरू शकतो. संध्याकाळी बंद झाला की थंड पडलेल्या वस्तूंवर दमट हवा येते आणि रोज तेच चक्र. चोवीस तास चालवणं परवडत नसेल तर ते पैसे दमटपणा कमी करण्यावर घाला.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत, जमिनीपासून वीतभर वर, वरून पाण्याची पाइप जात नसेल तिथे. डांबरगोळ्या आत टाकू नका.

पायरी ५ : पाकिटं आणि खोकी

‘ॲसिड-फ्री’ हा शब्द बाजारात फार सैल झाला आहे. फोटोंसाठीच्या कागदाची खरी परीक्षा वेगळी असते. पाकिटाचा कागद चांदीच्या संवेदनशील थराला लावून ७० अंश आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात आणि थर फिका पडला का, डागाळला का ते मोजतात. ही परीक्षा पार केलेला माल महाग असतो, म्हणून तो सगळ्यांसाठी नव्हे, काचेच्या प्लेट आणि नाजूक प्रिंटसाठी घ्या. बाकीच्यांना रंग, सुवास, चकाकी नसलेला पांढरा सुती कागद चालून जातो. हातकागद म्हणजे सुरक्षित असं नाही. त्यात तुरटी आहे का, रंग आहे का, हे बनवणाऱ्याला विचारा.

नको ते स्पष्ट आहे: पीव्हीसीची मऊ, वासाची प्लास्टिक पाकिटं, खाकी कागद, वर्तमानपत्र, रबरबँड, सेलोटेप, लॅमिनेशन आणि चिकट पानांचे अल्बम. त्या अल्बममधून फोटो सहज सुटत नसेल तर ओढू नका. आख्खं पान स्कॅन करा आणि पानासकट ठेवा. जुन्या पाकिटावर नंबर असेल तर तो आधी नव्या पाकिटावर पेन्सिलने उतरवा आणि मगच फोटो आत घाला.

भिंतीवरच्या फ्रेमांचा प्रश्न आपल्याकडे खास. गेलेल्या माणसाचा फोटो, वर चंदनाचा हार, काचेवर कुंकवाचं बोट, खाली उदबत्ती. फोटो थेट काचेला टेकलेला आणि मागे हार्डबोर्ड. पावसाळ्यात जिलेटिन काचेला चिकटतं आणि तिथे ओलसर चकचकीत चट्टे दिसतात. ते दिसले तर काच काढायचा प्रयत्न करू नका. काचेतूनच नीट फोटो काढा, चांगली प्रत छापून ती भिंतीवर लावा, हार तिलाच घाला आणि मूळ फ्रेम आडवी, कोरड्या जागी ठेवा.

पायरी ६ : कोण आधी?

आता यादी लावता येते, आणि ती बहुतेकांना अनपेक्षित वाटते. जुनं म्हणजे आधी असं नाही. १९३०चा नीट धुतलेला कृष्णधवल प्रिंट अजून कित्येक वर्षं थांबू शकतो; १९७५ची रंगीत निगेटिव्ह नाही. माझा क्रम साधारण असा: नायट्रेट हलवणं, रजिस्टरं आणि माणसांच्या आठवणी, वास मारणारी ॲसिटेट, १९६० ते ८५ दरम्यानचं रंगीत काम, थर सुटणाऱ्या प्लेट, मग बाकी सगळं. तुमच्याकडे ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, ते प्रत्येक गटात वर. निगेटिव्ह नेहमी प्रिंटच्या आधी.

वास मारणाऱ्या फिल्म आणि रंगीत निगेटिव्हसाठी छोट्या संस्थेला घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज परवडतो. निगेटिव्ह कोरड्या दिवसांत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, पाकिटात घाला, मग खोक्यात, मग एकात एक दोन घट्ट झिप पिशव्यांत, आणि मधे आर्द्रता दाखवणारं कार्ड. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच राहू द्या. खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. वीज गेली तरी दोन पिशव्या काही काळ सांभाळून घेतात. काचेच्या प्लेट फ्रीजमध्ये नकोत, आणि त्या फ्रीजमध्ये दूधही नको.

स्कॅनिंग यानंतर. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० पीपीआय (इंचाला इतके ठिपके) पुरतं, ३५ मिमी निगेटिव्हला ३०००-४००० लागतात, मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात. फाइलचं नाव म्हणजे खोक्याचा आणि पाकिटाचा क्रमांक, ‘आजोबा_नवीन_फायनल’ नव्हे. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावात.

पायरी ७ : पाणी शिरलं तर

कोल्हापूर-सांगलीने २०१९मध्ये आणि चिपळूणने जुलै २०२१मध्ये जे पाहिलं, त्यानंतर ही पायरी ऐच्छिक राहिलेली नाही. भिजलेले फोटो गठ्ठ्यात वाळू दिले तर ते कायमचे चिकटतात. म्हणून ओले ते ओलेच ठेवा. चिखल स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत अलगद सुटू द्या, बोटाने चोळू नका. ४८ तासांत एकेक सुटा करून प्रतिमेची बाजू वर ठेवून सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात वाळवा. ऊन आणि हेअर ड्रायर नको. हाताने रंगवलेले फोटो आणि जुन्या कोलोडियन प्लेट (जिलेटिनच्या आधीच्या पद्धतीच्या काचेच्या प्लेट) मात्र पाण्यात बुडवायच्या नाहीत, त्या सर्वांत आधी बाहेर काढून वाळवायच्या. त्यानंतर रंगीत फोटो, मग कृष्णधवल.

दोन दिवसांत हात पुरणार नाहीत असं दिसलं तर कागदी प्रिंट आणि फिल्म छोट्या गठ्ठ्यांत, मधे मेणकागद घालून, पिशव्यांत गोठवता येतात. मग महिन्यांनीसुद्धा थोडे थोडे काढून वाळवता येतात. काच गोठवायची नाही. घरच्या फ्रीजरमध्ये एक ट्रंकही मावत नाही, म्हणून बंदराजवळचं मासळीचं शीतगृह किंवा गावची बर्फाची फॅक्टरी यांच्या मालकाशी मे महिन्यातच बोलून ठेवा, आणि त्यांचा नंबर, संस्थेच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते आणि पायरी ६ची यादी असा एक कागद कपाटाच्या दाराला आतून लावा. दुसरी प्रत सचिवांच्या घरी, कारण पाणी आलं की ते कपाट उघडायला कुणी जाऊ शकेलच असं नाही.